न्हाय कळलं, उद्या परत

त्या वर्षांत भिवंडीत शांतता वेळापत्रकाप्रमाणे यायची. भारनियमनाचा तक्ता वर्तमानपत्रात छापून यायचा, आणि आमच्या नारपोलीच्या वाट्याला संध्याकाळ आली असेल, तर ठरल्या वेळी सगळे लूम, म्हणजे यंत्रमाग, एका झटक्यात गप्प व्हायचे. नवा माणूस घाबरायचा. त्याला वाटायचं, आपले कान गेले. आम्हा जुन्यांच्या डोक्यात थोडा वेळ खटखट चालूच राहायची. मग ती विरत जायची, आणि आपल्या गल्लीत यंत्रांखेरीज माणसंही राहतात याचा पुरावा मिळू लागायचा. कुणाचा कुकर, कुणाचं भांडण, कुणाचा खोकला.

अशाच एका आषाढातल्या संध्याकाळी मी गॅलरीत बसलो होतो. मागच्या गल्लीत एक छोटं बुद्धविहार होतं. तिथून एका बाईंचा मोठ्याने वाचण्याचा आवाज येत होता. शब्द धड ऐकू येत नव्हते. वाचन थांबलं. मग एक पुरुष बराच वेळ काहीतरी बोलला. तो थांबल्यावर एका म्हाताऱ्या आवाजात अगदी स्पष्ट ऐकू आलं, "न्हाय कळलं." आणि वाचणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मग उद्या परत."

मी गावातल्याच एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात "कळलं नाही" असं कुणी म्हटलेलं नव्हतं, आणि ते मी माझ्या उत्तम शिकवण्याचं लक्षण समजत आलो होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला जरा शंका आली.

बुद्धाविषयी मला माहिती नव्हती असं नाही. उलट फारच होती. कपाटाच्या दोन फळ्या त्याच्याच होत्या. कोणत्या राजाने कुठे स्तूप बांधला, कोणता पंथ कशावरून फुटला, हे मी झोपेतून उठूनही सांगितलं असतं. दर बुद्धपौर्णिमेला कुठली ना कुठली संस्था मला व्याख्यानाला बोलवायची. मी "अडीच हजार वर्षांपूर्वी" या शब्दांनी सुरुवात करायचो आणि "आज जगाला बुद्धाची गरज आहे" या वाक्यावर संपवायचो. मग शाल, श्रीफळ, फोटो. जगाला गरज आहे हे मी इतक्या ठामपणे सांगायचो, की मला स्वतःला ती आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

त्याच वर्षीच्या व्याख्यानानंतर एक नर्स मला भेटायला थांबली होती. ड्युटीवरून तशीच आली होती, हॉस्पिटलच्या नावाचा बिल्ला लावलेला. तिने विचारलं, सर, हे शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करायची? मी तिला चार पुस्तकांची नावं सांगितली. ती म्हणाली, "आणि ती वाचायच्या आधी?" मला हा विनोद वाटला. मी हसलो आणि चहा प्यायला गेलो. गॅलरीत बसल्या बसल्या मला तिचा चेहरा आठवला. ती हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विहारात जायचं ठरवलं. हे लिहायला सोपं आहे. आम्ही मूळचे मानकोलीकडचे आगरी. शेतं होती तिथे गोदामं उभी राहिली, आणि आमच्या घराण्याने भात पिकवण्याचं सोडून भाडं पिकवायला सुरुवात केली. आमच्या हळदीला जेवढे स्पीकर लागतात तेवढ्यात एखादं लहान राष्ट्र स्वतंत्र होईल. पण गावातल्या बौद्धवाड्याकडे जाणारा रस्ता आमच्या बापजाद्यांनी पाहिलेला होता, चाललेला नव्हता. मी शहरात राहून, पुस्तकं वाचून, व्यासपीठांवर चढून स्वतःला या सगळ्यातून सुटलेला समजत होतो. पण व्यासपीठ सोडून दुसऱ्या कुठल्याही वाटेने मीही विहारात शिरलेलो नव्हतो.

निघताना बायकोने हातात पिशवी दिली. तीत नारळ आणि झेंडूचा हार होता. मी म्हटलं, हे कशाला? ती म्हणाली, देवाच्या दारात रिकाम्या हाताने जात नाहीत. तो देव नाही, असं मी म्हटलं. "मग कोण आहे?" तिने विचारलं. दोन फळ्या वाचलेल्या माणसाला याचं एका वाक्यात उत्तर यायला हवं होतं. मी जरा विचार करून म्हणालो, गुरू. "मग गुरूला नारळ चालतो," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

विहार म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली होती. समोर बुद्धाची मूर्ती, भिंतीवर कोट-चष्म्यातली ती तसबीर, जी तिथल्या प्रत्येक घरात होती, आणि खाली लांबच लांब सतरंजी. वीज नव्हती म्हणून मेणबत्त्या. मी चप्पल काढतो न काढतो तोच विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष धावत आले. यांचा धंदा मंडप डेकोरेशनचा. मनाने सरळ माणूस, पण धंद्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे, चार माणसं जमलेली दिसली की त्यांना मंडप सुचायचा. त्यांनी मला ओळखलं, एक खुर्ची आणली, ती लोकांकडे तोंड करून मांडली, आणि एकाला शाल आणायला पिटाळलं. मग जाहीर केलं, की आज सर आपल्याला मार्गदर्शन करतील.

मी शिकायला आलो होतो, आणि शिकणाऱ्यासाठी तिथे जागाच उरली नव्हती.

पुढ्यात जाड पुस्तक घेऊन बसलेल्या एक बाई मान वर न करता म्हणाल्या, "अध्यक्ष, ते शिकायला आलेत की शिकवायला, हे त्यांना विचारलंत का?"

मी म्हणालो, शिकायला.

"मग खाली बसा. खुर्चीवर बसलं की माणसाला बोलावंसं वाटतं."

काल ऐकलेला आवाज तो हाच. बाई नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. सगळी नोकरी त्यांनी पहिलीचा वर्ग शिकवला. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, बारीक चणीच्या, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही क्षणभर त्याच्याकडे बघत राहण्याची सवय असलेल्या. त्यामुळे समोरच्याला आपण अजून काही सांगायचं बाकी आहे असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते असायचंही.

मी पिशवी पुढे केली. नारळ हातात घेऊन त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या बाईंकडे दिला. "आत्या, उद्याच्या आमटीचं झालं." हार मात्र त्यांनी मूर्तीपुढे ठेवला. "फुलं आणलीत ते बरं केलंत. उद्या येऊन ती कशी दिसतात ते बघा. पहिला धडा तोच."

मी दुसऱ्या दिवशी बघितली. झेंडूच तो, त्यामुळे धडा जरा सावकाश चालला होता. पण चालला होता.

तिथे जे चालायचं ते वर्षावासाचं वाचन. पूर्वी भिक्खू पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचे. त्याची आठवण म्हणून बौद्ध वस्त्यांमध्ये आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज थोडं थोडं करून बुद्धाच्या जीवनाचं आणि शिकवणीचं पुस्तक वाचतात. शेवटच्या दिवशी खीर. असं गावोगाव चालतं. आमच्या या विहारात मात्र दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, वाचनाची वेळ भारनियमन ठरवायचं. लूम चालू असताना कुणाच्या तोंडचं कुणाला ऐकू यायचं नाही. म्हणून तक्त्यात अंधार जेव्हा असेल तेव्हा वाचन. आणि दुसरी गोष्ट म्हणजे बाईंचा नियम. वाचून झालं की ऐकणाऱ्यांपैकी एकाने आपण काय ऐकलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. मग बाई आत्यांना विचारणार. आत्या म्हणजे बाईंची नणंद. आयुष्य खारबावच्या बाजूला शेतावर गेलं, म्हातारपणी भावाच्या घरी आल्या, आणि भाऊ गेल्यावरही वहिनीजवळच राहिल्या. आत्या म्हणाल्या "कळलं," तर पान पुढे. आत्या म्हणाल्या "न्हाय," तर उद्या तेच पान परत.

हा मान आत्यांनाच का, असं मी नंतर एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, आधी मी सगळ्यांनाच विचारायची, सगळे हो म्हणायचे. कितीतरी पावसाळे असेच गेले. एके दिवशी आत्या म्हणाल्या, न्हाय. "त्या दिवशी मला वाटलं, आता कुठे वर्ग सुरू झाला."

चौथ्या-पाचव्या संध्याकाळी बाईंनी मला सांगायला लावलं. त्या दिवशीचं पान दुःखाविषयी होतं. हा तर माझा हातखंडा विषय. मी अस्तित्वाच्या मूलभूत असमाधानापासून निघालो, वाटेत दोन पाश्चात्त्य विचारवंतांना भेटलो, आणि करुणेच्या मुक्कामावर येऊन पोहोचलो. शेवटचं वाक्य तर मला स्वतःलाच आवडलं.

"आत्या?"

"न्हाय कळलं."

"मग उद्या परत."

दुसऱ्या दिवशी सगळे माझ्याकडे असे बघत होते, जसे एका प्रवाशाच्या पिशव्यांमुळे एसटी चुकलेले लोक बघतात. तेच पान परत वाचलं गेलं. या वेळी सांगायला उठला तो रात्रपाळीवर जाणारा एक लूमवाला. तो म्हणाला, "हे बघा, लूमवर इकडून तिकडे पळतो त्या धोट्यात सुताची कांडी असते. ती संपली की लूम थांबतो. आपण दुसरी लावतो. ती संपली की तिसरी. दिल का भी ऐसाच हाय. एक पायजे असतं ते मिळालं, की लगेच दुसरं. म्हणून ते सांगतात, लूमच बंद करून टाका."

"आन मग पोरं काय खातील?" मागून एका बाईने विचारलं.

लूमवाला अडकला. दोघातिघांनी त्याला आणखी अडकवलं. कुणी म्हणालं, त्यांनी उपास करून पाहिला आणि सोडला, हे परवाच वाचलं की. म्हणजे लूम बंद करा असं ते म्हणणार नाहीत. मग काय म्हणतात? लूमवर आपण, की आपल्यावर लूम, हे बघा म्हणतात, असं आणखी कुणी म्हणालं. बराच गोंधळ झाला. आत्या मध्येच म्हणाल्या, "कळलं." पान पुढे गेलं.

निघताना मी बाईंना म्हटलं, त्याचं तर चुकलं होतं, तरी त्याचं चाललं. माझं चुकलं नव्हतं.

"त्याचं चुकलं हे सगळ्यांना कळलं ना," बाई म्हणाल्या. "तुमचं चूक होतं की बरोबर, हे कुणालाच कळलं नाही. तुम्हाला तरी कळलं होतं का?"

त्यानंतर मी नेमाने जाऊ लागलो. बाईंनी मला सुरुवातीला काय करायचं ते सांगितलं, आणि त्यात एकाही पुस्तकाचं नाव नव्हतं. म्हणाल्या, निर्वाण वगैरे ठेवा तुमच्या कपाटात. रोज इथे पंचशील म्हणतो, त्यातलं एक घ्या. जीव घेणार नाही, न दिलेलं उचलणार नाही, वागण्यात घाण करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. एक आठवडा एकच. "पाळू नका. पाळायला गेलात तर आठ दिवसांत साधू व्हाल आणि नवव्या दिवशी कंटाळाल. नुसतं बघा, दिवसातून कधी कधी मोडतं ते."

मी पहिल्यापासून सुरुवात केली, आणि पहिल्याच संध्याकाळी माझ्या पिशवीत बोंबील होते. आगऱ्याच्या घरात मासा हा काही खाण्याचा पदार्थ नसतो, तो घरातला माणूसच असतो. मी बाईंना विचारलं, याचं काय? त्या म्हणाल्या, आमच्याकडेही होतात. "खायचं तर खा. पण त्याला जीवच कुठे असतो, असं काहीतरी सांगू नका. ते चौथ्यात येतं."

मग मी थेट चौथंच घेतलं. खोटं बोलत नाही अशी माझी स्वतःविषयी समजूत होती. सोमवारी प्राचार्यांच्या भाषणाला मी "फार छान" म्हणालो. मंगळवारी फोनवर "निघालोच आहे" म्हणालो, तेव्हा अंगावर टॉवेल होता. बुधवारी कॉलेजात एका बैठकीच्या इतिवृत्तावर सही केली. ती बैठक झालेलीच नव्हती, पण इतिवृत्तात तिच्यात माझे विचार छान मांडलेले होते. शनिवारपर्यंत मी थकून गेलो. दोन फळ्यांनी मला एकदाही थकवलं नव्हतं.

आठवड्याच्या शेवटी मानकोलीहून भावाचा फोन आला. त्याच्या कानावर गेलं होतं. निवडणुका जवळ आल्यात, लोक विचारतात, तू धर्म बदलला काय? मी म्हटलं, नाही, ऐकायला जातो. तो म्हणाला, ऐकायचंच तर आपलं भजनी मंडळ काय वाईट हाय? एरवी मी त्याला काहीतरी गुळमुळीत सांगून फोन ठेवला असता. पण आठवडा चौथ्या शीलाचा होता. मी सांगितलं, की तिथे मला कळलं नाही तर तसं म्हणता येतं. आपल्याकडे मी मोठा भाऊ, म्हणून मला सगळंच कळावं लागतं.  भाऊ म्हणाला, ये जेवायला रविवारी, खाडीतला जिताडा आणलाय. विषय तिथे संपला.

आता या सगळ्यात एक अडचण होती, आणि ती बाईंच्या नियमातच होती. आत्या नाही म्हणायच्या, पानं मागे राहायची, आणि आश्विन पौर्णिमा कुणासाठी थांबायची नाही. गेली कितीतरी वर्षं या विहारात पुस्तक पौर्णिमेला पूर्ण झालेलंच नव्हतं. खीर व्हायची, पुस्तक अर्धवट राहायचं, पुढच्या आषाढात पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या वस्त्यांमध्ये मंडप पडायचे, पाहुणे यायचे, समारोप व्हायचे. अध्यक्षांना तिथे लोक विचारायचे, तुमचा बुद्ध या वर्षी कुठपर्यंत पोहोचला? त्यांना ते लागायचं. मला त्यांच्या मंडपाचं हसू यायचं, पण हे लागणं खोटं नव्हतं. आमच्या लोकांना शेवट काय आहे तेच माहीत नाही, असं ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

त्या वर्षी त्यांनी कुठून तरी सीडी मिळवल्या. सगळं पुस्तक एका कमावलेल्या आवाजात, मागे बासरी. जनरेटर त्यांच्या धंद्यातलाच होता. श्रावण संपता संपता त्यांनी बाईंना सगळ्यांसमोर सांगितलं, "बाई, तुमचा मान आहेच. पण यंदा पौर्णिमेला पुस्तक पुरं झालं नाही, तर पुढच्या वर्षापासून सीडी लावायची. कमिटीत ठरलंय."

बाई "बरं" म्हणाल्या. त्या दिवशी विहाराला कुलूप लावताना मी जवळ होतो. त्या म्हणाल्या, "सीडी माझ्यापेक्षा चांगली वाचते, मी ऐकली. पण तिला कोण म्हणणार, न्हाय कळलं?" मग किल्ली कमरेला खोचत म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर मला एवढाच एक वर्ग राहिला होता हो."

त्यानंतर वाचनाला वेग आला. भारनियमन वाढलं तसं वाचनही वाढलं. भिवंडीत विजेच्या टंचाईने कुणी खूश होत असेल तर ते आम्हीच. लोक घरून तयारी करून यायचे. सांगणारा आधी मनाशी घोकायचा. मीही सुधारलो. एका संध्याकाळी रागावरचं पान मी कॉलेजातल्या पार्किंगच्या भांडणावरून सांगितलं आणि आत्या म्हणाल्या, "कळलं. पन सर, भांडन तुमीच काढलं व्हतं." पदवीदान समारंभातही मला इतकं भरून आलं नव्हतं. एक मात्र होतं. घाई आहे म्हणून आत्या कधी उगाच "कळलं" म्हणाल्या नाहीत, आणि बाईंनी त्यांना तसं कधी सुचवलंही नाही. तरीसुद्धा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पुस्तकाचं अगदी शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं. म्हणजे जमत होतं.

पौर्णिमेला मी गल्लीत शिरलो तर विहार दिसेनाच. पुढे मंडप, झालर, कमान, आणि कोपऱ्यात धडधडणारा जनरेटर. लूम बंद होते, पण त्यांची उणीव भासत नव्हती. व्यासपीठावर तीन खुर्च्या होत्या. प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले पुढारी एका बैठकीत अडकले होते. अध्यक्षांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मी नको नको म्हणेपर्यंत मी खुर्चीवर होतो आणि माझ्या अंगावर शाल होती.

बाईंनी माईकवरून शेवटचं प्रकरण वाचलं. बुद्ध आजारी आहे, म्हातारा झाला आहे, शिष्य रडतायत. त्यांना वाटतंय, आता आपण कुणाकडे बघायचं? आणि तो आपल्या जागी कुणालाही नेमत नाही. वाचन संपलं. बाई वळल्या, पण त्यांनी काही विचारायच्या आत अध्यक्षांनी माईकवर जाहीर केलं, की या मंगलप्रसंगी शेवटचं प्रकरण सर सांगतील.

मला काय सांगायचं ते ठाऊक होतं. दोन-चार साधी वाक्यं होती. सकाळी अंघोळ करताना जुळवलेली, आणि वाईट नव्हती. पण शाल अंगावर पडली की माणूस बोलत नाही, भाषण करतो. माईकमध्ये माझा आवाज मलाच भारदस्त वाटला. मी म्हणालो, "अडीच हजार वर्षांपूर्वी…" आणि पुढे मला कुणी थांबवलं नाही. परंपरा आली, सत्तेचं हस्तांतरण आलं, व्यक्तिपूजेचा धोका आला. व्यक्तिपूजेच्या धोक्यावर तर मी शाल सावरत बोललो. शेवटी जगाला बुद्धाची गरज आहे हेही सांगून झालं. टाळ्या पडल्या. पहिली टाळी अध्यक्षांची.

मग बाई म्हणाल्या, "आत्या?"

मंडपातल्या सगळ्या माना आत्यांकडे वळल्या. कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. एक शब्द, आणि पुस्तक पूर्ण, बाईंचं वाचन वाचलं. अध्यक्षांनी स्वतः माईक आत्यांच्या तोंडाशी नेला आणि मान हलवून त्यांना होकार सुचवला. आत्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या वहिनीकडे बघत होत्या. बाईंची नजर पुस्तकावर होती. त्यांनी ती वर उचलली नाही. उचलली असती तर ती मदत झाली असती, आणि बहुतेक म्हणूनच उचलली नाही.

"न्हाय कळलं," आत्या म्हणाल्या. माईकमुळे ते पार कमानीपर्यंत गेलं.

"मग उद्या परत," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी माईक ओढून घेतला आणि ग्रंथवाचन यशस्वीपणे पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. खीर वाटायला सुरुवात झाली. ती आत्यांनीच केलेली होती. माझ्या वाटीत वाढताना त्या हळूच म्हणाल्या, "राग धरू नका, सर. आत्ताच समद्यांसंगं चौथं शील म्हनलं. लगेच कसं मोडू?"

मी बाईंना शोधून काढलं. म्हणालो, माझ्यामुळे तुमचं वाचन गेलं.

त्या नेहमीप्रमाणे माझं बोलणं संपल्यावरही क्षणभर बघत राहिल्या. "आत्या कळलं म्हणाली असती," त्या म्हणाल्या, "तर गेलं असतं."

दुसऱ्या संध्याकाळी मी गेलो ते लाजत लाजत. भारनियमन सुरू झालं होतं. मंडप अर्धा उतरवलेला, बांबू भिंतीला टेकवलेले. आणि आत सतरंजीवर सगळे बसलेले होते, नेहमीचे सगळे. पौर्णिमा संपली होती, वर्षावास संपला होता, खीर पचली होती, तरी आले होते. कारण काल "उद्या परत" म्हटलं गेलं होतं. अध्यक्ष दाराशी उकिडवे बसून माईकच्या वायरी गुंडाळत होते. आत येत नव्हते, पण जातही नव्हते.

बाईंनी मेणबत्तीच्या उजेडात तेच प्रकरण पुन्हा वाचलं. काल स्पीकरमधून चिरकलेला आवाज आज आपल्या जागी परत आला होता. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, आज कोण सांगतंय? कुणी हललं नाही. माझ्याकडे तर कुणी बघितलंही नाही, ही त्यांची दया.

"अध्यक्ष, तुम्ही सांगा."

"मी कामात आहे, बाई."

"हात कामात आहेत. कान मोकळे होते."

अध्यक्षांनी वायरीचा वेढा कोपरावर घेतला. उठले नाहीत. तिथूनच, जमिनीकडे बघत, अडखळत बोलू लागले. "ते म्हणाले… मी तर चाललो. पण माझ्या जागी कुणाला बसवणार नाही. कारण बसवला, की तुम्ही परत त्याच्याच तोंडाकडे बघत राहणार. जे सांगायचं ते सांगून झालंय. पटलं असेल तर तसं वागा. नसेल पटलं, तर मी आणखी शंभर वर्षं जगून काय उपयोग?" ते थांबले. वायरीकडे पाहिलं. "म्हणजे कसं, की सगळ्यांनी एकाच जनरेटरवर राहू नका. डिझेल संपलं की सगळा मंडप अंधारात. आपापला दिवा ठेवा."

बाईंनी आत्यांकडे पाहिलं.

"कळलं," आत्या म्हणाल्या.

बाईंनी पुस्तक मिटलं. टाळी कुणी वाजवली नाही. अध्यक्ष तसेच बसून होते. आयुष्यभर ते व्यासपीठावरून बोलले, पण हे त्यांना कुणी म्हटलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "खरंच कळलं?"

"कळलं म्हनलं ना. आता परत इचारू नको."

सीडीचा विषय त्यानंतर निघाला नाही, असं मात्र नाही. पुढच्या आषाढात अध्यक्षांनी ती लावलीच. सकाळी, नळाला पाणी यायच्या वेळी, मोठ्या स्पीकरवर. बासरी छान होती. लोक हंडे भरता भरता ऐकायचे आणि पाणी गेलं की घरी जायचे. संध्याकाळी अंधार झाला की सतरंजी अध्यक्ष स्वतः घालायचे, आणि पुढच्या रांगेत बसायचे, खाली. पुस्तक त्या वर्षी पौर्णिमेला पूर्ण झालं नाही. दिवाळीच्या तोंडावर झालं.

मधल्या वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या व्याख्यानाचं बोलावणं मला पुन्हा आलं होतं. मी कळवलं, की येतो, पण शाल नको, आणि माझं बोलून झाल्यावर श्रोत्यांपैकी एकाने काय कळलं ते सांगावं. कळलं नसेल तर मी दुसऱ्या दिवशी परत येईन. त्यांनी दुसरा वक्ता बोलावला. तो फार चांगला बोलला, असं ऐकलं.

त्या नर्सला मात्र मी तिच्या हॉस्पिटलात जाऊन गाठलं. आधी ती गोंधळली, मग तिला आठवलं. मी म्हटलं, तुम्ही विचारलं होतं, पुस्तकांच्या आधी काय. तेव्हा मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आणि आता?" मी म्हटलं, भारनियमनाचा तक्ता बघा, आणि वीज गेली की नारपोलीत आमच्या मागच्या गल्लीतल्या विहारात या. ती आली. येताना नारळ घेऊन आली. आत्यांनी तो आमटीसाठी ठेवून घेतला.